मामांची भूल

आमच्या हिच्या मामांनी कॉव्हेंट्रीतली जेवढी माणसं झोपवली, तेवढी या गावातल्या सगळ्या चर्चमधल्या सगळ्या प्रवचनांनी मिळूनही झोपवली नसतील. मामा भूलतज्ज्ञ. एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाशी, पेशंटच्या डोक्याकडच्या बाजूला बसून काढली, त्यामुळे निम्मं गाव कधी ना कधी त्यांच्या तोंडाकडे बघत दहापासून उलटं मोजत गेलेलं आहे. अजूनही सुपरमार्केटमध्ये बटाटे निवडताना एखादा म्हातारा त्यांना थांबवतो आणि विचारतो, डॉक, ओळखलंत का? मामा ओळखत नाहीत. मग ते मान तिरकी करत करत जवळजवळ खांद्याला टेकवतात आणि एकदम त्यांचा चेहरा उजळतो, कारण आयुष्यभर त्यांनी माणसांचे चेहरे उलट्या बाजूनेच पाहिलेले. नाव तरीही आठवत नाही. आठवतं ते वजन. ‘हे ब्याऐंशी किलो होते,’ असं ते मला मराठीत हळूच सांगतात, ‘आता बरेच उतरलेत.’

पण मामांचं खरं आयुष्य सुरू व्हायचं ते बुधवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. तिथे ते माणसं झोपवत नसत, गायला लावत. या गाण्याला इकडे बार्बरशॉप म्हणतात. त्यात केस कुणी कापत नाही. फार पूर्वी अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत बसलेली माणसं म्हणे एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून गायची, तिथून हे नाव पडलं. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. एक गट चाल गातो, तो लीड. त्याच्या वर बारीक आवाजात गातो तो टेनर, तळाशी असतो तो बास, आणि या तिघांनी घेऊन उरलेले सूर ज्यांच्या पदरात पडतात ते बॅरिटोन. मामींना लग्न होऊन आल्या आल्या यातलं काही ठाऊक नव्हतं. दर बुधवारी नवरा ‘बार्बरशॉपला जाऊन येतो’ म्हणून निघतो आणि दोन तासांनी आहे तेवढेच केस घेऊन परत येतो, हे त्या सहा महिने बघत होत्या. मामांना तेव्हाही केस बेताचेच होते. शेवटी त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, ‘त्या दुकानात बाई कोण आहे?’

त्या दुकानात बाई नव्हती, क्लाइव्ह होता. क्लाइव्ह गाड्यांच्या कारखान्यात गिअरबॉक्स जोडायचा. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आला तेव्हा मामा नवीन होते, एकटे होते, आणि गावात त्यांना कुणी जेवायलासुद्धा बोलावत नसे. त्यांनी क्लाइव्हला दहापासून उलटं मोजायला सांगितलं. क्लाइव्हने आकडे मोजण्याऐवजी गायले. सात येईपर्यंत मामांनी नकळत त्याच्या खालचा सूर धरला, आणि पाचला क्लाइव्ह झोपला तो चेहऱ्यावर हसू ठेवून. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली चौकशी टाक्यांची केली नाही. खालचा सूर कोण गात होतं, असं विचारलं. पुढच्या बुधवारी तो मामांना हॉलवर घेऊन गेला आणि त्यानंतरच्या रविवारी घरी जेवायला. बारा वर्षांनी कोरसचे जुने मास्तर निवर्तले, तेव्हा क्लाइव्हनेच सगळ्यांना सांगितलं की आपल्यात कान एकालाच आहे, आणि मामा पुढे जाऊन उभे राहिले.

मामांचा कान हा आमच्या घराण्यातला एक धाक होता. किटलीची शिटी, मायक्रोवेव्हची टिटी, लिफ्टची घंटी या सगळ्यांचे सूर त्यांना तोंडपाठ होते, आणि आमचा नवा फ्रिज जुन्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली गुणगुणतो हे कळल्यावर ते दोन दिवस आमच्याकडे नीट जेवले नव्हते. आमच्या लग्नात मुलीचे मामा म्हणून ते हिच्या पाठीशी उभे होते. तिसरं मंगलाष्टक हिच्या आत्याने घेतलं आणि ते मध्यावर घसरायला लागलं. मामांनी हात वर करून सगळं थांबवलं, खिशातून पिच पाइप नावाची ती गोल चपटी डबी काढली, तोंडाला लावून एक सूर दिला आणि आत्याला म्हणाले, ‘इथून घ्या, पहिल्यापासून.’ गुरुजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. मामा म्हणाले, मुहूर्त टळला तर दुसरा काढता येतो. आत्या पुढे अकरा वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. इथल्या मंडळाच्या गणपतीत त्यांनी आरतीचे चार भाग पाडायचा प्रयत्न केला. बायकांना टेनर केलं, कमिटीला बास. तिसऱ्या दिवशी कमिटीने ठराव करून मामांना प्रसादाच्या टेबलावर नेमलं.

मी या गावात राहायला आलो, कौन्सिलच्या पार्किंग विभागात चिकटलो, आणि पहिल्याच आठवड्यात मामांनी मला जेवण झाल्यावर एक ओळ गायला लावली. ऐकून म्हणाले, ‘जावईबापू, तुमचा आवाज कुणाच्याही लक्षात राहणार नाही असा आहे. बॅरिटोनला तोच लागतो.’ तेव्हापासून मी उरलेले सूर गातो. घरी मामा मला जावई म्हणून अहोजाहो करत, पण बुधवारी हॉलचं दार ओलांडलं की मी ‘तू’ व्हायचो, आणि नऊ-साडेनऊला गाडीत बसलो की पुन्हा ‘तुम्ही’. यात कधी चूक झाली नाही.

या सगळ्या खटाटोपाचं कारण एकच होतं. चार गटांचे चार सूर केसाएवढाही फरक न राहता जुळले, की त्यांच्या वर, छताच्या आसपास, एक पाचवा बारीक सूर ऐकू येतो. तो कुणीच गात नसतं. यात जादू नाही, शास्त्र आहे, सुरांच्या कंपनांतूनच तो तयार होतो. पण पहिल्यांदा ऐकताना मी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून. इंग्रज लोक त्याला रिंग म्हणतात. मामा पाहुणा म्हणत. हळूहळू सगळा कोरस तसं म्हणायला लागला. शेवटचा सूर लांबवून थांबलं की कपाळाचा घाम पुसत बासमधला एखादा निवृत्त बस ड्रायव्हर विचारायचा, ‘पाहूना, डॉक?’ आणि मामा डोळे मिटून मान हलवायचे. ती मान हलली की एकतीस माणसं शाळेतल्या मुलांसारखी खूष व्हायची. आपल्याला स्वतःला ऐकू आलं की नाही, हे कुणी बघत नसे. मामांची मान बघायची, एवढंच.

मग ती साथ आली आणि गाणं हेच धोक्याचं ठरलं. दीड वर्ष हॉल बंद होता. आम्ही कॉम्प्युटरवर भेटायचा प्रयत्न केला, पण तिथे प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचायचा आणि मामा पडद्यावर कान झाकून बसलेले दिसायचे. क्लाइव्हची बायको मॉरीन त्याच वर्षी गेली. फ्युनरलला मोजक्या माणसांना परवानगी होती आणि गायला नव्हतीच. आम्ही बाहेर कार पार्कमध्ये एकमेकांपासून सहा फुटांवर गप्प उभे राहिलो. क्लाइव्ह बाहेर आला, आमच्या रांगेकडे पाहून त्याने हात वर केला आणि मुलीच्या गाडीत बसून गेला. हॉल पुन्हा उघडला तेव्हा आम्ही एकोणीस उरलो होतो. चारजण साथीत गेले होते, बाकीचे घाबरून घरीच राहिले. क्लाइव्ह मात्र पहिल्या बुधवारी सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी उभा होता. आता घरी कुणी नव्हतं. बुधवार सोडला तर तो कुणाशी बोलतो की नाही, असा प्रश्न पडायचा.

त्यानंतर पाहुणा यायचा थांबला.

म्हणजे मामा तसं म्हणाले. शेवटचा सूर ते पुन्हा पुन्हा घ्यायला लावायचे, दहादा, पंधरादा, आणि डोळे उघडून म्हणायचे, नाही. आधी आम्हाला वाटलं, दीड वर्षात गंज चढला असेल. मग सहा महिने गेले, वर्ष गेलं, दोन गेली. मामा बदलत चालले. पूर्वी चुकणाऱ्याला ते वजनावरून चिडवत. आता नुसते बघत राहत. त्यांनी हॉल बदलून पाहिला, पडदे काढायला लावले, आम्हाला उभं राहायच्या जागा बदलून दिल्या. घरी ते जेवताना बोलेनासे झाले. मामी म्हणाल्या की टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो की शेजारीण बातम्या आमच्याकडूनच ऐकते. मामांचं म्हणणं, हल्लीचे बातमीदार तोंडातल्या तोंडात बोलतात. आणि एक दिवस त्यांनी निदान केलं. वरचा सूर उतरतोय. टेनर. क्लाइव्ह.

क्लाइव्ह तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. मामांनी एकदा सांगितलं, क्लाइव्ह, तू फ्लॅट जातोयस. त्याने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात घरून सराव करून आला. पुन्हा सांगितलं. तो आणखी सराव करून आला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, तोंड लाल व्हायचं. मार्चमधल्या एका बुधवारी, बार्बरशॉपची वार्षिक स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, मामांनी शेवटचा सूर सतरा वेळा घेतला. सतराव्या वेळी आम्ही थांबलो. वर छताजवळ तो सूर मला स्वच्छ ऐकू आला. मी शेजारच्या बॅरिटोनकडे पाहिलं. त्यालाही आला होता, त्याच्या भुवया वर गेल्या होत्या. मामांनी डोळे उघडले.

‘क्लाइव्ह,’ ते म्हणाले, ‘या वर्षी तू बसून ऐकावंस, असं मला वाटतं.’

क्लाइव्हने अंगातलं कोरसचं मरून रंगाचं जाकीट काढलं, शिवणीवर शिवण ठेवून नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवलं. ‘राइट यू आर, डॉक,’ असं म्हणून त्याने कोट घातला आणि गेला. बसून ऐकायला थांबला नाही. एकोणीस माणसांत निदान दहाजणांना तरी तो सूर ऐकू आला होता, हे मला नंतर एकेकाशी बोलल्यावर कळलं. प्रत्येकाला वाटलं, डॉक नाही म्हणतात त्या अर्थी आपल्यालाच भास झाला असणार. मला मात्र भास वाटला नव्हता. मी फक्त गप्प बसलो. आपण बॅरिटोन, आपण जावई, आणि कान मामांना आहे, असं काहीसं मी मनाला सांगितलं. गाडीतून घरी जाताना मामा म्हणाले, ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल. मलाही वाटलं. पण कुणीतरी करायला हवं होतं.’ मी हो म्हणालो.

स्पर्धेत आम्ही शेवटून दुसरे आलो. क्लाइव्हशिवाय टेनर म्हणजे तीन भेदरलेली माणसं होती. पाहुणा तेव्हाही आला नाही, पण या वेळी खरंच आला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये मामी शेजारणीकडे आमटी द्यायला गेल्या आणि जाताना पोह्यांच्या कढईकडे लक्ष ठेवायला सांगून गेल्या. परत आल्या तर रस्त्यापर्यंत धुराचा अलार्म किंचाळत होता. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली होती. मामा त्या अलार्मच्या बरोबर खाली, स्वयंपाकघराच्या टेबलाशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, ‘काही जळतंय का गं?’ मामींनी त्यांना काही सांगितलं नाही. गॅस बंद केला, खुर्चीवर चढून अलार्म बंद केला आणि माझ्या मुलीला फोन लावला.

माझी मुलगी ईशा कान तपासते. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला तिची एक लहानशी खोली आहे. ती इथेच जन्मली, तिचं मराठी घरापुरतं. मामींनी चष्म्याचं निमित्त करून मामांना दुकानात आणलं आणि मला सोबत बोलावलं. ईशाने मामांच्या कानावर हेडफोन चढवले आणि म्हणाली, ‘मामाआजोबा, जेव्हा आवाज येते तेव्हा बटन दाबायची. अगदी छोटी आवाज आली तरी.’ मामा हसले. असल्या परीक्षेत आपल्याला शंभरपैकी शंभर, अशा थाटात ते बसले. काचेच्या या बाजूने मला दिसत होतं. सुरुवातीला ते भराभर बटण दाबत होते. मग हळूहळू. मग ईशा तिच्या मशीनवर सूर देत राहिली आणि मामा हातात बटण धरून, मान किंचित पुढे करून, अतिशय लक्ष देऊन वाट बघत राहिले.

डॉक्टर माणूस, त्यामुळे कागद समजावून सांगावा लागला नाही. डावीकडून सरळ येणारी रेघ मध्यावरून टेकडी उतरावी तशी खाली गेली होती. मामांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कधीपासून असेल?

‘पाच-सहा वर्ष, मे बी. स्लोली होतो ना, सो कळत नाही. हाय वाले सूर पहिले जातात.’ ईशाने त्यांच्या दंडावर हात ठेवला. ‘हिअरिंग एड लावू या आपण. खूप फरक पडेल.’

मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

‘तुला ऐकू येत होता?’

वार गुरुवार होता, तरी ते मला तू म्हणाले. मी म्हटलं, हो.

‘त्या दिवशी? क्लाइव्हच्या दिवशी?’

‘हो.’

‘आणि तू बोलला नाहीस.’

मामांनी कागदाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, मला क्लाइव्हकडे ने.

आम्ही तडक गेलो. क्लाइव्हने दार उघडलं, काही विशेष न झाल्यासारखं आत घेतलं आणि किटली लावली. तो बराच वाळला होता. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर भांडी पुसायचा टॉवेल टाकलेला होता. मामा बसले नाहीत. नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना उभे राहत असतील तसे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, कागद उलगडून टेबलावर ठेवला. क्लाइव्हने वाचायचा चष्मा लावला. ती रेघ त्याने अंगठ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट तपासली, आणि म्हणाला की आकृती छान स्वच्छ काढली आहे. मग त्याने चष्मा काढला.

‘हे सांगायला तू मुद्दाम आलास, डॉक. मॉरीनला आवडलं असतं.’

‘क्लाइव्ह, मी खरं सांगतोय. तू उतरला नव्हतास. मी बहिरा झालो होतो.’

‘तू भला माणूस आहेस,’ क्लाइव्ह म्हणाला. ‘पण मला ठाऊक होतं. चाळीस वर्षांत तुझा कान एकदाही चुकलेला नाही.’

मी मध्ये पडलो. म्हणालो, क्लाइव्ह, त्या संध्याकाळी पाहुणा आला होता, मी स्वतः ऐकला. तो माझ्याकडे बघून हसला. मामेसासऱ्याची बाजू घेणाऱ्या जावयाकडे बघून माणसं हसतात तसा. तूही भला आहेस, म्हणाला. मामांनी त्याला बुधवारी यायची विनंती केली. विनंती करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. क्लाइव्हने गुडघ्याचं कारण सांगितलं, बसचा मार्ग बदलल्याचं सांगितलं. मामा म्हणाले, मी न्यायला येईन. तेव्हा क्लाइव्ह म्हणाला, ‘गिअरचा दात झिजला की तो पुन्हा बसवत नाहीत, डॉक. सगळा बॉक्स खराब होतो.’ आता तो घरीही गात नव्हता. आंघोळ करतानासुद्धा नाही. चहा फार चांगला केला होता.

त्यानंतर मामा प्रत्येक बुधवारी त्याच्या दारात जायचे. हिअरिंग एड लावलेले, सुटाबुटात. क्लाइव्ह दारातच त्यांना चहा द्यायचा, तब्येत विचारायचा, कोरसची चौकशी करायचा आणि उशीर होईल म्हणून वेळेवर पिटाळायचा. असे तेरा बुधवार झाले. चौदाव्या आठवड्यात, जानेवारीच्या अखेरीला, शेजाऱ्याने दुधाच्या बाटल्या दारातच पाहिल्या. क्लाइव्ह झोपेतच गेला होता.

त्याच्या मुलीने, ती कार्डिफला असते, आम्हाला गायला बोलावलं. इथल्या क्रेमॅटोरियममध्ये प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळतो, त्यात सगळं बसवावं लागतं. गाण्याआधी मामांनी दोन मिनिटं मागून घेतली. पुढे जाऊन, जमलेल्या साठ-सत्तर माणसांसमोर, त्यांनी न अडखळता सांगितलं की मी या माणसाला बेसूर ठरवून काढून टाकलं. तो बेसूर नव्हता, मला ऐकू येत नव्हतं. आणि मी ते तपासूनही पाहिलं नाही, कारण चूक माझी असेल हे माझ्या मनातच आलं नाही. भूल देताना मी प्रत्येक नळी तीनदा तपासायचो, ते म्हणाले. मग त्यांनी पिच पाइप कोरसमध्ये नुकत्याच आलेल्या एका बाईंच्या हातात दिला, त्या शाळेत संगीत शिकवतात, आणि स्वतः बासच्या मागच्या ओळीत जाऊन उभे राहिले. आम्ही गायलो. यथातथाच.

बाहेर माणसं एकेक करून मामांचा हात हातात घ्यायला लागली. किती मोठ्या मनाचं बोललात, म्हणाली. मित्रासाठी माणूस स्वतःवर घेतो ते असं, म्हणाली. मामा प्रत्येकाला समजावत होते की नाही, ते खरंच तसं होतं. आणि ते जितकं समजावत तितके लोकांचे डोळे भरून येत. शेवटी क्लाइव्हची मुलगी आली. तिने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, ‘बाबा फोनवर म्हणाले होते, डॉक माझ्यासाठी खोटं बोलला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना त्याचं फार कौतुक होतं.’ तिला वाटलं, हे ऐकून यांना बरं वाटेल. मामांनी तिचे आभार मानले. गाडीत बसेपर्यंत ते चांगले चालत होते. गाडीत बसल्यावर त्यांना सीटबेल्टचा खटका लावता येईना. तो मी लावला.

आता कोरस त्या बाई चालवतात. आम्ही तेवीस झालो आहोत, त्यात सहा बायका आहेत. मामा अजून येतात. हॉल उघडतात, खुर्च्या मांडतात, मध्यंतरात चहा करतात. यंत्रातून त्यांना गाणं पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं ऐकू येतं. बोलणं ठीक, गाणं नाही. पण शेवटचा सूर संपला की ते मागून उठून एकेकाजवळ जातात आणि विचारतात, तुला काय ऐकू आलं? नवीन माणसं गोंधळतात, काहीतरी बरं वाटेल असं उत्तर देतात. मामा तेवढ्याने हलत नाहीत. खरं उत्तर मिळेपर्यंत समोर उभे राहतात.

गेल्या जूनमध्ये एका बुधवारी मी त्यांना घरी सोडत होतो. साडेनऊ झाले तरी बाहेर उजेड होता. गाडीत बसल्या बसल्या ते हिअरिंग एड काढून डबीत ठेवतात, कारण इंजिनाचा आवाज त्यांना त्यातून सहन होत नाही. त्यामुळे घर येईपर्यंत आम्ही बोलत नाही. मला ही व्यवस्था सोयीची होती, हे मान्य केलं पाहिजे. त्या दिवशी मात्र मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मामांना वाटलं, टायर बसला. मी माझ्या कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी डबी उघडली, आधी डावं, मग उजवं, सावकाश बसवलं आणि म्हणाले, ‘बोल.’

मी म्हटलं, ‘मामा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.’

ते समोर बघत राहिले. फुटपाथवरून एक बाई म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन हळूहळू चालली होती. ती कोपऱ्यावरून वळल्यावर मामा म्हणाले,

‘बोलला असतास, तरी मी ऐकलं असतं का?’

मी खरोखर विचार केला. मग म्हटलं, ‘नसतं ऐकलंत.’

त्यांनी मान डोलावली. ते पटलं असावं. मग, अजिबात दोष न देता, म्हणाले, ‘क्लाइव्हने ऐकलं असतं.’

मी काच खाली केली, पुन्हा वर केली. मामी जेवायच्या थांबल्या असतील, असं मामाच म्हणाले, तेव्हा मी गाडी सुरू केली. त्यांनी डबी मांडीवर धरली होती, पण उघडली नाही. घर येईपर्यंत तो इंजिनाचा आवाज सोसत ते तसेच बसून राहिले. मी आणखी काही बोललो असतो, तर ते ऐकू यायला हवं होतं.